‘असंच आणखी एखादं द्या ना!’

या महिन्यात सदराकडे आलेली बरीचशी पत्रं सार्वजनिक वाचनालयांच्या देवघेव खिडकीवर बसणाऱ्या मंडळींची आहेत. विचारणा वेगवेगळी असली तरी अडचण एकच दिसते: वाचकाला आवडेल असं पुढचं पुस्तक त्याच्या हातात कसं पोचवायचं? त्यातले सात प्रश्न निवडले आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचं तालुक्याचं ‘ब’ वर्ग वाचनालय. संध्याकाळी सहा ते आठ खिडकीवर रांग असते. वाचक म्हणतात, “काहीतरी चांगलं द्या.” विषय विचारला तर “काहीही चालेल.” मग हाताशी असेल ते देतो आणि दोन दिवसांत ते न वाचता परत येतं. आमचं काय चुकतं?
(सहायक ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर : प्रश्न चुकतो. ‘विषय कोणता?’ हे आपल्या तोंडी येतं, कारण आपल्या फळ्या विषयवार लावलेल्या असतात. वाचकाच्या डोक्यात विषय नसतो. तिथे मागच्या एखाद्या पुस्तकाची चव रेंगाळत असते. म्हणून आधी विचारा, “अलीकडे मनापासून आवडलेलं पुस्तक कोणतं?” नाव आठवलं नाही तरी “ते कोकणातलं, त्यात ती खमकी आजी होती” एवढं नक्की निघतं. मग विचारा, “त्यातलं काय आवडलं?” आणि थांबा. माणूस आधी कथानक सांगतो. खरी आवड त्यानंतरच्या वाक्यात येते, “आजी कशी कुणाला ऐकायची नाही!” पुस्तक त्या वाक्यावरून शोधायचं.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: “आत्ता तसंच हवंय, की जरा वेगळं?” एरवी जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारा माणूस घरातल्या आजारपणात रात्री दवाखान्यात सोबतीला बसणार असेल, तर त्याला कुठेही उघडून चार पानं वाचता येईल असं ललित किंवा कथासंग्रह लागतो. आवड कायम असते, पण निकड दर वेळी वेगळी असते. वाचक अगदीच गप्प असेल तर “कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंत?” असं विचारा. नावडीबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात.

यानंतर तीन पुस्तकं काढा. एकच पुढे केलं तर ‘नको’ म्हणायचा संकोच होतो. आठ-दहा ठेवली तर माणूस गोंधळतो आणि दिवाळी अंक घेऊन जातो. तिनातली दोन त्याच्या आवडीच्या जवळची असावीत, एक थोडं बाजूचं. प्रत्येकाबद्दल एक वाक्य सांगा, पुस्तकं त्याच्या हातात द्या आणि पुढच्या वाचकाकडे वळा. आपण समोर बघत उभे राहिलो तर तो भिडेखातर नेतो, आणि तेच पुस्तक दोन दिवसांत परत येतं. सवय झाली की हे सगळं दोन मिनिटांत होतं.

गर्दीच्या वेळी तेवढीही उसंत नसते. त्यासाठी खिडकीजवळ एक टेबल ठेवा आणि त्यावर तीस-चाळीस पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा. त्या दिवशी परत आलेली पुस्तकं लगेच फळीवर लावू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती याच टेबलावर राहू द्या. दुसऱ्या कुणीतरी नुकतंच वाचलेलं पुस्तक लोक आपणहून उचलतात. तुमच्याकडे मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः फळ्यांपाशी जाऊन पुस्तक निवडायची सोय, नसेल तर हे टेबल हवंच, कारण वाचकाला पुस्तक चाळायला मिळण्याची तेवढी एकच जागा असते.

पुस्तक परत घेताना “आवडलं का?” असं विचारू नका. “हो, छान होतं,” हे ठरलेलं उत्तर येतं. “कुठवर गेलात?” असं विचारा. पुष्कळदा पुस्तकच सांगतं: अडतिसाव्या पानात एसटीचं तिकीट अडकलेलं असतं आणि तिथून पुढची पानं कोरी करकरीत. एकाच पुस्तकात वेगवेगळ्या वाचकांच्या खुणा त्याच सुमाराला सापडल्या, तर ते पुस्तक सुरुवातीला संथ आहे असं समजा आणि पुढच्या वाचकाला तसं सांगूनच द्या. सोडून दिल्याची लाज वाटणाऱ्यांना अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम सांगावा. पुस्तकाला पन्नास पानं द्यायची, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी शंभरातून आपलं वय वजा करून येतील तेवढी. पासष्टीच्या वाचकाने पस्तीस पानं वाचली की तो मोकळा.

प्रश्न : ‘मृत्युंजय’ वाचून झालं की हमखास मागणी येते, “असंच आणखी एखादं द्या.” आम्ही त्याच लेखकाचं किंवा महाभारतावरचं दुसरं पुस्तक देतो. काही वाचक खूश होतात, काही नाराज. ‘सारखं’ पुस्तक ठरवायचं कसं?
(ग्रंथपाल, लातूर जिल्हा)

उत्तर : वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा विषयाचा आकडा, इथे मदतीला येत नाही. दशांश पद्धतीत मराठी कादंबरी म्हणजे ८९१.४६३. ‘मृत्युंजय’ आणि ‘बनगरवाडी’ या दोन्ही एकाच अंकाखाली बसतात, त्यांच्यात फरक फक्त लेखकाच्या आडनावाचा. सारखेपणा वाचकाच्या अनुभवात शोधावा लागतो. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी १९८९ साली सार्वजनिक ग्रंथालयांसाठी या कामाची रीतसर मांडणी केली: वेग, व्यक्तिरेखा, कथानक, पार्श्वभूमी. नॅन्सी पर्ल तेच चार दारांत सांगतात: गोष्ट, माणसं, ठिकाण-काळ आणि भाषा. वाचक पुस्तकात कोणत्या दाराने शिरला ते ओळखायचं आणि पुढच्या पुस्तकाचंही तेच दार उघडून द्यायचं.

‘मृत्युंजय’ (१९६७) घेऊनच बघू. वाचक म्हणाला, “कर्णावर किती अन्याय झाला हो,” तर तो कर्णासाठी वाचत होता. त्याला रणजित देसाईंचं ‘राधेय’ द्या. “प्रत्येक पात्र आपली बाजू स्वतः सांगतं ते आवडलं,” असं म्हणाला तर त्याला निवेदनाची रीत भावली आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशीच आळीपाळीने बोलतात. “भाषा काय भारदस्त!” म्हणणाऱ्याला शिवाजी सावंतांचंच ‘छावा’ चालेल. महाभारत सोडून तो शंभूराजांच्या काळात गेला तरी त्याला परकं वाटणार नाही.

राहिला तो “महाभारतात आणखी शिरायचंय” म्हणणारा. नाराजी बहुधा इथेच होते. या वाचकाला इरावती कर्व्यांचं ‘युगांत’ किंवा भैरप्पांच्या ‘पर्व’चा उमा कुलकर्णींनी केलेला अनुवाद सुचवता येतो, आणि दोन्ही फार मोलाची पुस्तकं आहेत. पण ‘युगांत’ हे कथा नव्हे, व्यक्तिरेखांची चिकित्सा आहे, आणि ‘पर्व’ दैवी चमत्कार बाजूला सारून माणसांची गोष्ट सांगतं. ज्याच्या मनात तेजस्वी, कवचकुंडलधारी कर्ण ताजा आहे त्याला ती लगेच दिली तर तो दुखावतो. “यात कर्णाकडे वेगळ्या, कडक नजरेने पाहिलंय, चालेल ना?” असं विचारून द्या. उत्सुक वाचक हो म्हणतो, आणि बाकीचे पुढे कधीतरी मागायला येतात.

जाडीलाही कमी लेखू नका. काही वाचकांना पंधरवडाभर एकाच जगात राहायचं असतं. “असंच” म्हणजे त्यांच्या लेखी “एवढंच मोठं”. अशांना दीडशे पानांची कादंबरी, कितीही उत्तम असली तरी, अपुरी वाटते.

आत्मकथनांबाबत जरा जास्त काळजी घ्या. दया पवारांचं ‘बलुतं’ परत करणाऱ्याला ठरावीक चार-पाच दलित आत्मकथनं पुढे करायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यातून त्या पुस्तकांवरही अन्याय होतो, जणू ती सगळी एकच आहेत. वाचकाला बाईच्या बाजूने तेच जग समजून घ्यायचं असेल तर बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ किंवा ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’. ‘बलुतं’मधल्या कावाखाना वस्तीची मुंबई मनात राहिली असेल तर मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ किंवा नारायण सुर्व्यांची कविता. कादंबरी वाचणाऱ्याला कविता द्यायला बिचकू नका. दार एकच असेल तर साहित्यप्रकार बदलला तरी वाचक जातो.

आणि एक साधी गोष्ट, जिच्यामुळे चांगली शिफारसही वाया जाते: खंडांचा क्रम. नेमाड्यांच्या चांगदेव पाटीलच्या चार कादंबऱ्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या क्रमाने वाचायच्या. क्रम नावांवरून कळत नाही. पाठीवरच्या लेबलाखाली १, २, ३, ४ असे छोटे आकडे चिकटवा. ज्या मालिकेचा पहिलाच भाग तुमच्याकडून हरवला आहे तिचे पुढचे भाग सुचवू नका. आधी पहिला भाग मागवा.

प्रश्न : मी नव्यानेच लागले आहे. आमच्याकडे वीस हजारांवर पुस्तकं आहेत आणि माझं वाचन जेमतेम दोनशे. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस करणं प्रामाणिकपणाचं आहे का?
(लिपिक, नाशिक)

उत्तर : ‘मी वाचलंय’ असं खोटं सांगितलं नाही, तर पूर्ण प्रामाणिक आहे. वीस हजार पुस्तकं कुणाचीच वाचून होत नाहीत. एका पुस्तकाला दहा मिनिटं द्यायची आणि चार ओळी लिहून ठेवायच्या, एवढं मात्र रोज जमतं.

त्या दहा मिनिटांत मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ बघा. मलपृष्ठावरच्या स्तुतीवर विसंबू नका, पण काळ, ठिकाण, पात्रं त्यातून कळतात. मुद्रणपृष्ठावर पहिल्या आवृत्तीचं साल आणि आवृत्त्यांची संख्या बघा. जुन्या पुस्तकाचं नव्या वेष्टनातलं पुनर्मुद्रण ‘नवीन’ म्हणून दिलं की जाणता वाचक चिडतो. मनोगत असेल तर त्याचं शेवटचं पान वाचा. मग पहिली चार पानं, मधली कुठलीही दोन. संवाद किती, परिच्छेद केवढे, बोली आहे की प्रमाणभाषा, घटना घडतायत की आठवणी चालल्यायत, हे सहा पानांत समजतं. शेवट वाचू नका, बोलताना तोंडातून निसटतो.

टिपण एका कार्डावर किंवा वहीत करा: दाखल अंक (नोंदवहीतला त्या पुस्तकाचा क्रमांक), नाव, वेग, भाषा, ठिकाण-काळ, कुणाला आवडेल, कुणाला नाही आवडणार. शेवटची नोंद सगळ्यात उपयोगी पडते. हिंसा, लैंगिक वर्णन, लहान मुलाचा मृत्यू असेल तर तेही लिहा. नुकतंच मूल गमावलेल्या आईच्या हातात तसं पुस्तक जाता कामा नये. रोज दोन पुस्तकं केलीत तर वर्षाकाठी सुटीचे दिवस वजा जाता पाचशेवर नोंदी होतात, आणि खिडकीवर पुन्हा पुन्हा लागणारी पुस्तकं त्यात बहुतेक येऊन जातात. बाकीचं वाचकच शिकवतात. परत करणाऱ्याचं एक वाक्य त्याच कार्डावर उतरवून घ्या, म्हणजे “मी वाचलेलं नाही, पण आपल्या काही वाचकांना याचा शेवट फार आवडला” असं खरं बोलता येतं.

संगणकावर ई-ग्रंथालय, कोहा किंवा पुस्तकांच्या नोंदी ठेवणारी दुसरी कुठली प्रणाली असेल तर हेच शब्द विषय-शब्दांच्या रकान्यात घाला. आधी पंचवीस-तीस शब्दांची यादी ठरवा आणि ती खिडकीवर चिकटवा. एकाने ‘विनोदी’, दुसऱ्याने ‘हलकंफुलकं’, तिसऱ्याने ‘विनोद’ लिहिलं की शोध फसतो. जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर त्या शोधात येतच नाहीत. आधी त्या बदलून घ्याव्या लागतील.

प्रश्न : आमची खरेदी वर्षातून एक-दोनदाच होते. दोनशे पुस्तकं एकदम येतात, पहिल्या आठवड्यात झुंबड उडते, ठरावीक दहा पुस्तकं सगळ्यांना हवी असतात आणि उरलेली तशीच फळीवर जातात. नवी पुस्तकं वाचकांपर्यंत नीट कशी न्यायची?
(ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : एकदम बाहेर काढू नका. गठ्ठा आला की बिलाशी पडताळणी, दाखल नोंदवही, शिक्के, ठरलेल्या गुप्त पानावरचा (पुस्तक आपलंच आहे हे ओळखता यावं म्हणून आत मारायचा) शिक्का, वर्गांक, लेबल, खिसा, तारीखपट्टी हे सगळं करायचंच असतं. ते पंचवीस-पंचवीसच्या तुकड्यांनी करा आणि दर आठवड्याला एक तुकडी मांडा. दोनशे पुस्तकं आठ आठवडे पुरतात, आणि ‘या आठवड्यात काय नवं?’ म्हणून लोक दोन महिने चक्कर मारत राहतात. प्रत्येक तुकडीत मागणीची दोन-तीनच पुस्तकं ठेवा, बाकी अनोळखी.

नव्या पुस्तकांची फळी वेगळी आणि डोळ्यांच्या उंचीवर हवी. पुस्तक तिथे महिनाभर राहावं, मुदत सात दिवसांची, मुदतवाढ नाही. मागणी वहीत क्रमाने नावं घ्या. निरोप गेल्यावर दोन दिवस पुस्तक राखून ठेवा आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या नावाला द्या. हा नियम अध्यक्षांपासून सगळ्यांना सारखा असावा.

रांगेत पाचव्या-सहाव्या क्रमांकावर असलेल्या वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नका. मागणीच्या प्रत्येक नव्या पुस्तकासाठी त्याच दाराची दोन जुनी पुस्तकं आधीच ठरवून ठेवा: “ते यायला महिना लागेल, तोवर हे बघा.” वर्षानुवर्षं न हललेली चांगली पुस्तकं अशीच हलतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं तिसरं, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’, खिडकीवर असं उतरतं.

अनोळखी पुस्तकाला शिफारसपट्टी लावा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं जाड कार्ड, पंचवीस-तीस शब्द, मोठं अक्षर. ‘अवश्य वाचा’, ‘अप्रतिम’ हे शब्द नकोत, त्यांतून काहीच कळत नाही. ‘बनगरवाडी’साठी असं लिहिता येईल: “तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. माळरान, मेंढरं, माणसं आणि मग दुष्काळ. शांत, कमी शब्दांत सांगितलेली छोटी कादंबरी. गावाकडची ओढ असणाऱ्यांसाठी.”

व्हॉट्सॲप वापरत असाल तर गटापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी. वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि शुभ सकाळचे संदेश येत नाहीत. एका यादीत २५६ जण बसतात. तुमचा नंबर ज्यांनी फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच संदेश पोचतो, म्हणून सभासद करून घेतानाच नंबर जतन करायला सांगा. आठवड्यात एकच संदेश, तीन पुस्तकं, प्रत्येकी दोन ओळी आणि मुखपृष्ठाचा फोटो. रोज पाठवलंत तर लोक बघायचे थांबतात. आतली पानं किंवा कुठून आलेली पीडीएफ वाचनालयाच्या नंबरावरून कधीही पाठवू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे आणि पुस्तक लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांचं थेट नुकसान आहे.

प्रश्न : एक गृहस्थ विचारतात, “माझी बायको सध्या काय वाचते?” सांगावं का?
(शिपाई, पुणे)

उत्तर : नाही. “ते आम्ही कुणाचंच सांगत नाही,” एवढं शांतपणे म्हणा. घटस्फोटाचा कायदा, एखादा आजार, वेगळा विचार यांबद्दल माणूस वाचनालयात निर्धास्तपणे वाचू शकला पाहिजे. शिफारस करतानाही “शेजारच्या काकूंनी नेलं होतं” असं नको. पुस्तककार्डावर आधीच्या वाचकांची नावं लिहिली जात असतील तर आजपासून फक्त सभासद क्रमांक लिहा.

प्रश्न : बालविभागात पालक ‘संस्कारांची’ पुस्तकं मागतात आणि मुलांना भुतांच्या गोष्टी हव्या असतात. त्यातून इंग्रजी माध्यमाची मुलं मराठी अडखळत वाचतात. काय द्यावं?
(बालविभाग, ठाणे)

उत्तर : मुलाच्या नावावर दोन पुस्तकं देता येत असतील तर एक पालकांच्या पसंतीचं आणि एक पूर्णपणे मुलाच्या, असा साधा करार करा. बोलताना मान खाली करून मुलाशी बोला. पालक मध्ये उत्तर देऊ लागले तर “तुला काय वाटतं?” म्हणून परत मुलाकडे वळा.

अडखळणाऱ्या मुलाचं वय आणि त्याची वाचनाची पातळी यांत तीन-चार वर्षांचं अंतर असतं. अकरा वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊचं पुस्तक दिलं की त्याला अपमान वाटतो. वयाला साजेसा विषय पण सोपी मांडणी शोधा: मोठा टाइप, छोटी प्रकरणं, भरपूर संवाद, चित्रं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे इथे कामाला येतो, कारण मूल पुढे काय झालं म्हणून जोडाक्षरांवरूनही पळत सुटतं. पातळी तपासायला पाच बोटांची युक्ती आहे: मधलं कुठलंही पान वाचायला सांगा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पान संपायच्या आत पाचही बोटं उघडली तर ते पुस्तक आत्ता एकट्याने वाचायचं नाही. मूल हट्टाने तेच मागत असेल तर काढून घेऊ नका. पालकांना सांगा, पहिलं प्रकरण घरी मोठ्याने वाचून दाखवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार, मोफत आणि खुल्या परवान्याखाली मिळतात. त्या छापून बालविभागात ठेवता येतात.

प्रश्न : आमचे निम्मे सभासद फक्त दिवाळी अंकांचे वाचक आहेत. फेब्रुवारीनंतर फिरकत नाहीत. त्यांना पुस्तकांकडे कसं वळवावं?
(ग्रंथपाल, नागपूर)

उत्तर : १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला नवे लेखक भेटण्याची ही सगळ्यात मोठी जागा आहे. तुमचा वाचक एका हंगामात चाळीस-पन्नास लेखक चाखून बघतो. आपण फक्त ते नाव पुस्तकाशी जोडून द्यायचं राहतं.

अंक आल्यावर अनुक्रमणिका चाळा आणि ज्या लेखकांची पुस्तकं तुमच्याकडे आहेत त्यांच्या नावासमोर पेन्सिलीने ठिपका द्या. अंकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवा: ‘या अंकातल्या या लेखकांची पुस्तकं आपल्याकडे आहेत’, आणि खाली नाव, दाखल अंक. पाच-सहा नावं पुरे. दोनशे अंक असतील तर सगळ्यांना नको, सर्वाधिक फिरणारे तीस निवडा. दोघांचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. अंक परत येताना विचारायचा प्रश्नही ठरलेला असू द्या: “यातली कुठली गोष्ट आवडली?” गोष्ट सांगितली की चिठ्ठीवरचं पुस्तक लगेच हातात द्या, आणि शक्यतो कथासंग्रहच द्या. अंकाच्या वाचकाला एका बैठकीत संपणाऱ्या मजकुराची सवय असते. चारशे पानांची कादंबरी तो पुढच्या खेपेला नेईल. हे सारं जानेवारीच्या आत सुरू करा. अंकांची मुदत संपून अनामत परत न्यायला माणूस आला की उशीर झालेला असतो.